सातेरीच्या पेशी जगवताना

थाय सॅकब्रूड हा सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी पाळीव मधमाशीच्या, अळ्यांना मारणारा विषाणूचा रोग. त्याने मेलेली अळी ओळखायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. पोळ्यातल्या घराचं झाकण माश्यांनी कुरतडलेलं असतं, आत अळी लांब ताणून पडलेली आणि डोक्याचं टोक वर उचललेलं. चिमट्याने हळूच ओढली तर ती अख्खी बाहेर येते, कारण तिच्या कातडीची पाण्याने भरलेली पिशवी झालेली असते. कोषात जाण्याआधी अळीने कात टाकायची असते. या रोगात ती टाकता येत नाही आणि जुन्या व नव्या कातडीच्या मध्ये पाणी साठतं. रंग आधी पांढरा, मग पिवळट, मग डोक्याकडून तपकिरी होत जातो. शेवटी घराच्या तळाशी काळी, वाकडी खपली उरते. पिशवीतलं ते पाणी विषाणूच्या कणांनी भरलेलं असतं. मेलेल्या अळ्या साफ करणाऱ्या कामकरी माश्या ते पोटात घेतात, त्यांच्या डोक्यातल्या खाद्यग्रंथींमध्ये विषाणू पोचतो आणि त्याच माश्या पुढच्या अळ्यांना भरवतात. पेटी स्वच्छ ठेवणाऱ्या माश्याच रोग फिरवतात.

वेंगुर्ल्याजवळच्या एका वाडीतल्या मधपाळ काकांकडे मी पेट्या हाताळायला शिकले. त्यांच्या वडिलांच्या पेट्या एका वर्षात रिकाम्या झाल्या होत्या, ते काका अजून सांगतात. "बाय, अळयो घरातच मरतत, मगे माशयो पेटी सोडून जातत. औषध घालूक गेलंय तरी काय उपेग नाय." हे अगदी खरं आहे. विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही, आणि सातेरी ही सोशीक माशी नव्हे. त्रास झाला की अंडी, अळ्या, मध सगळं टाकून ती उठून जाते.

हा विषाणू १९७६ साली थायलंडमध्ये आढळला. १९७८ साली तो मेघालयात दिसला आणि १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतात उतरला. केरळ, कर्नाटक, तमिळनाडूत सातेरीच्या ९० टक्क्यांहून अधिक वसाहती त्यात गेल्याचं नोंदलेलं आहे. पुढे २००९-१० मध्ये कोरियात याच जातीच्या माशीवर तीच पाळी आली. आपल्या किनाऱ्यावर पेटीत पाळली जाते ती मुख्यतः सातेरीच. काजू, आंबा, नारळ, जांभूळ, ऐन आणि किंजळ, या सगळ्यांवर तिचा वावर असतो. म्हणून मी संशोधनासाठी विषय निवडला तेव्हा दुसरा कुठला विषाणू मनातही आला नाही.

प्रश्न होता तो कुठे आणि कसा अभ्यासायचा. पेटीत करायला गेलं तर काहीच हातात राहत नाही. आपण दहा अळ्यांना विषाणू पाजला तर त्यातल्या सात अळ्या दाया माश्या, म्हणजे अळ्यांना भरवणाऱ्या कामकरी, आपल्या नकळत उपसून बाहेर टाकतात. उरलेल्या तीन नेमक्या कशाने मेल्या हे सांगता येत नाही, कारण त्याच अळीत आणखी दोन-तीन विषाणू आधीपासून असू शकतात. शिवाय एकाची पेटी मुद्दाम आजारी पाडायची आणि शेजाऱ्याच्या काजूच्या बागेत त्याच माश्या जाऊ द्यायच्या, हे मला मान्य नव्हतं. म्हणून पेशीसंवर्धन. माशीच्या शरीरातल्या पेशी बाहेर काढून बाटलीत जगवायच्या आणि विषाणूची गाठ थेट त्यांच्याशी घालून द्यायची.

या पद्धतीचं महत्त्व कळायला पोलिओची गोष्ट आठवावी. १९४९ साली एंडर्स, वेलर आणि रॉबिन्स यांनी पोलिओचा विषाणू चेतासंस्थेच्या बाहेरच्या, संवर्धित मानवी ऊतींमध्ये वाढवून दाखवला. त्याआधी त्यासाठी माकडं लागत. १९५४ साली त्यांना नोबेल मिळालं आणि पोलिओची लस त्याच वाटेने आली. १९५२ मध्ये डल्बेको यांनी प्राण्यांच्या विषाणूंसाठी पेशींच्या थरावर पडणारे मेलेल्या पेशींचे डाग मोजून जिवंत विषाणूची गणती करायची पद्धत काढली. सॅकब्रूडचा विषाणू आणि पोलिओचा विषाणू एकाच गणातले आहेत. दोघांचाही कण साधारण ३० नॅनोमीटरचा, दोघांचाही जनुकसंच एकपदरी आरएनएचा. माणसाच्या विषाणूसाठी सत्तर वर्षांपूर्वी जे हत्यार मिळालं ते माशीच्या विषाणूसाठी अजून धड हातात नाही. इंग्लंडमधल्या रोथमस्टेड संशोधन केंद्रात लेस्ली बेली यांनी १९६० च्या दशकापासून मधमाशीचे एकेक विषाणू वेगळे केले, सॅकब्रूडचा १९६४ साली. हे विषाणू वाढवण्याची रूढ रीत म्हणजे जिवंत माश्यांना, अळ्यांना किंवा कोषांना ते टोचणं. आजही बहुतेक ठिकाणी हेच करतात.

अडचण माशीच्या पेशींची आहे. पतंगाच्या पेशी १९६२ साली ग्रेस यांनी ऑस्ट्रेलियात कायमच्या वाढत्या ठेवल्या आणि त्यांच्या नावाचं माध्यम, म्हणजे पेशी जगवायचं पोषक द्रव, आजही प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये असतं. डासांच्या पेशींचा मान तर पुण्याचा. १९६७ साली तिथल्या व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत, के. आर. पी. सिंग यांनी एडिस डासांच्या अळ्यांपासून पेशीवंश, म्हणजे बाटलीत कायम विभागत राहणाऱ्या पेशी, तयार केले. त्यातल्याच एकापासून १९७८ साली निवडलेला सी-६/३६ हा वंश आज जगभर डेंग्यूच्या कामात वापरतात. घाटाच्या वर, एका रात्रीच्या प्रवासावर हे घडलं होतं, याचा मला फार आधार वाटायचा. पण मधमाशीच्या पेशी बाटलीत काही आठवडे राहतात, कधी काही महिने, आणि विभागणं थांबवतात. युरोपीय मधमाशीच्या भ्रूणापासून पहिला टिकाऊ पेशीवंश, एएमई-७११, मिनेसोटा विद्यापीठातून २०१३ साली आला.

पुढे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात दिसलं की त्या पेशींमध्ये पंख वाकडे करणारा विषाणू, म्हणजे डीडब्ल्यूव्ही, गुपचूप राहत होता. पेशी निरोगी दिसत, वाढत, आणि आत विषाणू. याच कामातली दुसरी गोष्ट मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली होती. चार विषाणूंचं मिश्रण पेशींवर घातलं, त्यात सॅकब्रूडचं प्रमाण सर्वांत जास्त होतं, तरी वाढला तो इस्रायली अक्यूट पॅरालिसिस विषाणू. म्हणजे जास्त कोण घातला यावर सगळं ठरत नाही, कोणत्या पेशींवर घातला यावरही बरंच ठरतं. आणि मुख्य म्हणजे हे सगळं युरोपीय माशीचं. त्या माशीला छळतो तो वरोआ गोचीड आणि त्याच्यामार्फत पसरणारा डीडब्ल्यूव्ही. सातेरी तर वरोआची मूळ यजमान, तिने त्याच्याशी जमवून घेतलं आहे. तिला मारतो सॅकब्रूड. जगातली हत्यारं एका माशीच्या दुखण्यासाठी घडलेली आणि आमच्या किनाऱ्यावरची माशी दुसऱ्याच दुखण्याने मरते. माझ्या कामामागचं कारण एवढंच होतं.

प्रयोगशाळा किनाऱ्यालगतच्या एका गावात होती, दोन खोल्यांची. एक गोष्ट आमच्या बाजूची होती. माणसाच्या किंवा उंदराच्या पेशींना कार्बन डायऑक्साइड सोडणारा उबवणी कक्ष लागतो, किटकांच्या पेशींना लागत नाही. ग्रेस किंवा श्नायडर यांच्या माध्यमात आम्लता फॉस्फेटने सांभाळली जाते. साधा ३२ अंशांवर स्थिर राहणारा कक्ष पुरतो, आणि वीज गेली तरी बाटल्यांची झाकणं घट्ट असल्याने लगेच काही बिघडत नाही. ज्यांना वाटतं की असलं काम फक्त पुण्या-बंगळूरला होतं त्यांना मी हे आवर्जून सांगते. माध्यमात वासराच्या भ्रूणाचं सीरम घालावं लागतं, ५६ अंशांवर अर्धा तास तापवून. खर्च जातो तो यात.

खरं काम सुरू झालं अंड्यांपासून. भ्रूणाच्या पेशी विभागत असतात म्हणून सुरुवात तिथून करायची. पण अंडी हवीत एका वयाची. त्यासाठी राणीला एका रिकाम्या, नव्या पोळ्यावर जाळीत अर्धा दिवस कोंडायचं, मग सोडायचं आणि त्या पोळ्यावरची अंडी मोजक्या तासांनी उचलायची. मधमाशीचं अंडं साधारण तीन दिवसांत फुटतं. पहिल्या दिवशी ते घराच्या तळाशी उभं असतं, तिसऱ्या दिवशी आडवं होतं. हे नुसतं बघून वय सांगायला काकांना एक क्षण लागायचा, मला पहिल्या मोसमात भिंग लागायचं. राणी कोंडायची म्हटल्यावर ते सुरुवातीला राजी नव्हते. "तू राणयेक हात लावलंस काय माशयो उठतल्यो." त्यांचं म्हणणं रास्त होतं. म्हणून आम्ही ठरवलं की फक्त काजू आणि आंब्याच्या मोहराच्या दिवसांत, जानेवारी ते मार्च, जेव्हा पेटीत परागाची रेलचेल असते, तेव्हाच हे करायचं आणि तेही फक्त भरलेल्या पेटीत. त्या काळात एकही पेटी उठून गेली नाही. पावसाळ्यात, जेव्हा साखरेच्या पाकावर वसाहत कशीबशी तग धरते, तेव्हा राणीला हात लावणं म्हणजे पेटी घालवणंच.

अंड्यांचा तुकडा कापून आणायचा म्हणजे तो गार पडता कामा नये आणि कोरडाही पडता कामा नये. वसाहतीच्या मधोमध ३४-३५ अंश असतात. जेवण गरम ठेवायच्या डब्यात कोमट पाण्याची बाटली, वर ओलसर टिपकागद, त्यावर पोळ्याचा तुकडा, असं मांडीवर घेऊन एसटीने यायचं. प्रयोगशाळेत एकेक अंडं बारीक वाकवलेल्या सुईने उचलायचं. हायपोक्लोराइट या जंतुनाशकाच्या सौम्य द्रावणात काही मिनिटं, मग निर्जंतुक पाण्यात दोनदा-तीनदा धुवायचं, मग माध्यमात हलकेच चिरडून, चाळून बाटलीत. वाचायला हे पाच ओळींत संपतं. करताना मान आखडते, कारण अंडं दीड मिलिमीटरचं आणि धुताना ते काचेला चिकटून हरवतं.

यातली एक गोष्ट वारंवार समजून घ्यावी लागते. हायपोक्लोराइट अंड्याच्या कवचावरचा विषाणू मारतो. राणीच्या अंडाशयातूनच अंड्याच्या आत गेलेला विषाणू त्याला सापडत नाही. म्हणजे बाहेरून कितीही धुतलं तरी आतून अंडं स्वच्छ असल्याची खात्री होत नाही, आणि माझ्या कामाला सगळ्यात जास्त गरज त्याच खात्रीची होती. ज्या पेशींत विषाणू आधीच आहे त्यांच्यावर विषाणू घालून काय शिकणार?

म्हणून अंडी घेण्याआधी आम्ही पेटी तपासायचो. दाया माश्या, काही अळ्या, काही अंडी यांतून आरएनए काढून आरटी-पीसीआरने सॅकब्रूड, ब्लॅक क्वीन सेल आणि डीडब्ल्यूव्ही हे तीन विषाणू तरी शोधायचे. निरोगी दिसणाऱ्या, मध भरपूर देणाऱ्या, माश्या दाराशी गर्दी करत असलेल्या पेट्यांतून एखादा तरी विषाणू निघायचा. सॅकब्रूड मोठ्या माशीत काही लक्षणं न दाखवता राहू शकतो, हे पुस्तकात वाचलेलं होतं. आपल्या ओळखीच्या पेटीच्या नावापुढे विषाणू असल्याचा पट्टा उमटलेला बघणं वेगळं असतं. काकांची सगळ्यात लाडकी, विहिरीजवळची पेटी अशीच निघाली. त्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "मगे ती मरणा नाय कशी?" मला वाटतं या सगळ्या विषयातला सर्वांत मोलाचा प्रश्न हाच आहे. विषाणू असूनही ती वसाहत का टिकली, हे शोधायलाच तर पेशी लागतात.

पावसाळा म्हणजे बुरशीचा काळ. किनाऱ्यावर आषाढात चामड्याच्या पट्ट्यावर, पुस्तकाच्या पाठीवर, कपाटातल्या कापसावर बुरशी येते. गाळलेल्या हवेच्या कपाटात काम केलं तरी बाटली खोलीतून न्यावी-आणावी लागतेच. सकाळी बाटली उजेडात धरली की तळाशी पांढरट धागा दिसायचा आणि ती बाटली संपलेली असायची. बुरशीनाशक अँफोटेरिसिन वाढवता येतं, पण ते जास्त झालं की आपल्याच पेशी मरतात. शेवटी आम्ही जून ते सप्टेंबर नवीन संवर्धन लावायचंच नाही असा नियम केला. त्या महिन्यांत आरएनएचं काम, लिखाण, आकडेमोड. मोसमाप्रमाणे काम बांधून घेणं हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला कळतं, प्रयोगशाळेलाही कळायला हवं.

अंड्यांच्या जोडीने आम्ही कोषांवरही काम केलं. त्यातही पांढऱ्या डोळ्यांचे कोष. कोषाचे डोळे आधी पांढरे, मग गुलाबी, मग जांभळट तपकिरी होतात, त्यावरून वय कळतं. अळी कोषात जाण्याआधी आपलं आतडं रिकामं करते, त्यामुळे या वयात आतड्यातल्या जिवाणूंचा उपद्रव बराच कमी असतो. अडचण वेगळीच येते. कोष उघडला की त्यातलं रक्तद्रव हवेला लागून काळं पडायला लागतं. ही माशीची जखम बुजवायची आणि जंतू अडवायची मूळ यंत्रणा आहे, फिनॉलऑक्सिडेज नावाच्या विकराची. पण बाटलीत तेच काळं द्रव्य पेशींना विषारी ठरतं. फिनाइलथायोयुरिया अगदी थोडं घालून ते थोपवावं लागतं आणि हातही चपळ लागतो.

बाटली लावल्यावर पहिले दोन दिवस हात लावायचा नाही. गोल पेशी तळाला बसतात, काही चिकटतात. मग पेशींच्या गुठळ्यांच्या कडेने लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या पेशी बाहेर सरकायला लागतात. एका सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली बघत असताना मला वाटलं टेबल हलतंय. टेबल स्थिर होतं. भ्रूणाच्या पेशींमधून तयार झालेला स्नायूचा एक बारीक धागा आपला आपण आकसत होता, थांबत होता, पुन्हा आकसत होता. किटकांच्या भ्रूणसंवर्धनात हे होतं हे माहीत होतं. तरी मी प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना हाक मारली. सातेरीचा एक तुकडा, पेटीपासून इतक्या लांब, आमच्या बाटलीत जिवंत होता. सफाई करणाऱ्या मावशींनीही डोळा लावून पाहिलं आणि विचारलं की याला दुखत नाही ना. स्नायूला दुखणं कळायला मेंदू लागतो, एवढं मी सांगितलं.

आता विषाणू. आजारी अळ्या आम्ही निरोगी पेट्यांच्या वाडीतून कधीच आणल्या नाहीत. त्या दुसऱ्या तालुक्यातून, बंद नळीत, बर्फात यायच्या आणि त्या दिवशी आमच्यापैकी कोणी पेट्यांकडे फिरकायचं नाही. अळ्या थंड बफरमध्ये वाटून, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून, ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळायच्या. जिवाणू अडतात, ३० नॅनोमीटरचा विषाणू सहज पार होतो. त्यात दुसरे विषाणू नाहीत ना ते पुन्हा पीसीआरने बघायचं, आणि बरेचदा असायचे. ती गाळलेली खेप बाजूला ठेवायची. कायमचा पेशीवंश हाती असता तर विषाणू एकेक करून वेगळे काढता आले असते. तो नाही, म्हणून मिश्रणातून शुद्ध मिळेपर्यंत अळ्या शोधत बसायचं.

किती विषाणू घातला हेही सरळ मोजता येत नाही. डल्बेको यांची डाग मोजायची पद्धत इथे चालत नाही, कारण पेशींचा अखंड थर तयार होत नाही. आपण मोजतो त्या जनुकसंचाच्या प्रती, आणि पीसीआरला जिवंत आणि मेलेला विषाणू यातला फरक कळत नाही. म्हणून प्रत्येक प्रयोगात तीन रांगा ठेवायच्या. एकीत जिवंत विषाणू, दुसरीत अतिनील किरणांनी निकामी केलेला तितकाच विषाणू, तिसरीत नुसतं माध्यम. तासभर विषाणू पेशींवर ठेवून धुवायचा, ताजं माध्यम घालायचं, आणि २४, ४८, ७२, ९६ तासांनी नमुने काढायचे.

विषाणू नुसता चिकटून बसलाय की खरोखर वाढतोय, हे कळायची खूण त्याच्या आरएनएतच असते. कणात असतो तो धन पदर. पेशीत शिरून स्वतःच्या प्रती काढायच्या तर आधी उलटा, म्हणजे ऋण पदर तयार करावा लागतो, आणि त्यावरून पुन्हा धन पदर. ऋण पदर सापडला तर पेशीत नक्कल चालू आहे. पण या चाचणीत फसगत होते. आरएनए स्वतःवरच दुमडून चुकीच्या पदरालाही उत्तर देतं. म्हणून प्रायमरला, म्हणजे नक्कल जिथून सुरू होते त्या डीएनएच्या छोट्या तुकड्याला, विषाणूत आणि माशीत कुठेही नसलेली एक शेपटी जोडायची आणि पुढची पीसीआर त्या शेपटीवरच करायची. माझं मत असं की ज्या कामात ऋण पदराची अशी चाचणी नाही त्यातल्या "विषाणू वाढला" या वाक्यावर फार विसंबू नये.

आमच्या कोषांच्या संवर्धनात जिवंत विषाणूच्या रांगेत दुसऱ्या दिवसापासून ऋण पदर दिसू लागला, तिसऱ्या दिवशी तो स्पष्ट झाला, मग स्थिरावला. निकामी विषाणूच्या रांगेत तो आलाच नाही. लांबट पेशी गोल होऊन सुटत होत्या, पण नुसतं माध्यम घातलेल्या रांगेतही काही पेशी तशाच सुटतात, त्यामुळे डोळ्यांना दिसणाऱ्या या खुणेवर मी काहीच बेतलेलं नाही. आणि मग एका पेटीच्या खेपेत तिसऱ्या रांगेतच, जिथे आम्ही काहीही घातलं नव्हतं तिथे, चार दिवसांनी सॅकब्रूडचा ऋण पदर आला. त्या पेटीच्या दाया माश्यांची तपासणी कोरी होती. अळ्यांचीही. पेटीत जो विषाणू चाचणीच्या हाती लागला नाही तो बाटलीत वर आला. गाळलेल्या हवेचं कपाट, माध्यम, पाणी, सगळं पुन्हा तपासलं. त्याच दिवशी शेजारी लावलेल्या दुसऱ्या पेटीच्या बाटल्या कोऱ्या होत्या, म्हणजे बाहेरून शिरल्याचं दिसत नव्हतं.

ती खेप संसर्गाच्या हिशोबातून काढून टाकावी लागली. पण मला ती वाया गेली असं वाटत नाही. वसाहतीत माश्यांचं आपसातलं संरक्षण असतं, आजारी अळी उपसली जाते, पेशींची स्वतःची आरएनए कापणारी यंत्रणा विषाणूला दाबून ठेवते. बाटलीत पेशी एकट्या पडतात, ताणाखाली असतात. दबलेला विषाणू तिथे डोकं वर काढत असेल, असा माझा कयास आहे. तो सिद्ध करायला अजून बऱ्याच पेट्या लागतील. २०१० साली चीनमधल्या संशोधकांनी याच जातीच्या माशीच्या अळ्यांना विषाणूच्या जनुकाशी जुळणारं दुपदरी आरएनए खाऊ घालून संसर्ग कमी करून दाखवला होता. तीच यंत्रणा बाटलीतल्या पेशींत चालू आहे का, विहिरीजवळच्या पेटीत ती इतर पेट्यांहून जोरकस आहे का, हे आता बघायचं आहे.

बाटलीतलं उत्तर पेटीला जसंच्या तसं लागू होत नाही, हे प्रत्येक वेळी स्वतःला सांगावं लागतं. अळीत विषाणू अन्नातून, आतड्यातून शिरतो. माझ्या बाटलीत आतडं नाही, दाई नाही, कात टाकणं नाही, आणि हा रोग दिसतो तो कात टाकण्याच्या वेळीच. म्हणून आतड्याचे अखंड तुकडे जगवायचा प्रयत्न चालू आहे. ते दोन-तीन दिवस टिकतात. सातेरीचा कायमचा पेशीवंश आमच्याकडे नाही. द्रवरूप नायट्रोजनमध्ये काही नळ्या ठेवल्या आहेत. त्यातल्या वितळवलेल्या पेशी चिकटतात, पण पुढे विभागत नाहीत.

पुढचा मोसम काजूच्या मोहराबरोबर सुरू होईल. काकांनी या खेपेला आणखी तीन मधपाळांना तयार केलं आहे. किनाऱ्यावर ज्यांच्या पेट्यांत ताणून मेलेल्या, पिशवीसारख्या अळ्या दिसतील त्यांच्याकडे माझं मागणं आहे. त्या पेटीतली चौकट दुसऱ्या पेटीत घालू नका, तिचा मध किंवा पोळं दुसऱ्या पेटीला खायला देऊ नका, तिला हाताळल्यावर हात आणि सुरी साबणाने धुवा. चार-पाच ताज्या मेलेल्या अळ्या, काळ्या खपल्या नव्हेत, स्वच्छ झाकणाच्या बाटलीत बर्फावर ठेवून त्याच दिवशी जवळच्या कृषी महाविद्यालयात किंवा खादी ग्रामोद्योगच्या मधमाशी कार्यालयात पोचवा. आणि शेजारची पेटी निरोगी राहिली असेल तर तेही सांगा, कारण आम्हाला तिचीही अंडी हवी आहेत.